पाटी आणि पत्रा

गेल्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या तेरा वर्षांच्या गाडीला नवी नंबरप्लेट बसली. बसवणारा पोरगा विशीतला. जुनी ॲक्रिलिकची पाटी त्याने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटली, मागे साठलेला चिखल बोटाने खरवडला आणि म्हणाला, "काका, बंपरला आधीच चार भोकं आहेत. यातलंच कुठलंतरी धरतो." मग दोन रिपीट मारले आणि मोबाइलवर पुढून-मागून फोटो काढले. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

ते चालू असताना पाटी थोडा वेळ माझ्या हातात होती. कड चाचपून पाहिली. ॲल्युमिनियमची, एक मिलिमीटर जाडीची. तेवढी जाडी असावी असं नियमातच लिहिलं आहे. आताच्या गाड्यांच्या दाराचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. धातू वेगळे आहेत, मान्य; पण नुसती जाडी मोजली तर माझ्या गाडीच्या दारापेक्षा तिची पाटी जाड निघाली.

आपल्याकडे गाडीबद्दल दोन गोष्टींवर तोंड भरून बोललं जातं. एक नंबर, दुसरा पत्रा. नंबर कुणाचा, कसा काढलाय, किती मोजले. आणि पत्रा जाड की पापडासारखा. पैकी पाटी कशी असावी हे कायद्याने मिलिमीटरपर्यंत ठरवलेलं आहे, तिथे डोकं चालवायला जागाच नाही, आणि आपली सगळी कल्पकता तिथेच खर्च होते. पत्र्याच्या आत काय आहे हे मात्र खरोखर विचारून घेण्याजोगं, आणि तिथे आपण दार आपटून आवाज ऐकतो नि समाधान मानतो. हा उलटा हिशेब कसा जमला, ते पाहायचं तर पाटीपासून सुरुवात करायला हवी.

गाडीला पाटी हवी ही कल्पना पॅरिसच्या पोलिसांची, १८९३ सालची. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने नंबर सक्तीचे झाले आणि १९०४ च्या सुरुवातीपासून लागू झाले. लंडनचा 'ए वन' हा नंबर मिळवला अर्ल रसेल यांनी, म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांच्या थोरल्या भावाने. त्यासाठी ते रात्रभर रांगेत उभे होते अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, पाटीच्या जन्माबरोबरच 'चॉइस नंबर'चा सोसही जन्मला एवढं तिच्यावरून कळतं. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे दर सुधारले, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मागणीच्या आरटीओंमध्ये चारचाकीसाठी 'एक' नंबरचा दर सहा लाख रुपये झाला. चालू मालिका सोडून दुसऱ्या मालिकेतला हवा असेल तर अठरा लाखांपर्यंत. एवढ्यात एक बऱ्यापैकी गाडी येते, हे ज्याच्याकडे ते पैसे असतात त्याला सांगण्यात अर्थ नसतो.

एमएच ही अक्षरं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याबरोबरची. तो १९८९ मध्ये लागू झाला. त्याआधी तीन अक्षरांच्या मालिका होत्या. खासगी गाडीची पाटीही तेव्हा काळी असायची, अक्षरं पांढरी. जुन्या हिंदी सिनेमातल्या फियाट-अँबॅसिडर आठवा. आता पांढऱ्यावर काळं म्हणजे खासगी, पिवळ्यावर काळं म्हणजे भाड्याची, हिरवी म्हणजे विजेवरची. काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. गोव्यात उतरलेला पाहुणा लांबूनच ओळखू येतो तो हिच्यामुळे. राष्ट्रपती आणि राज्यपालांच्या गाड्यांवर नंबराच्या जागी राजमुद्रा असे. दिल्ली उच्च न्यायालयात २०१८ मध्ये प्रकरण गेल्यावर तिथेही नंबर आले.

चारचाकीच्या पाटीवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच, रेघ १० मिलिमीटर जाड, दोन अक्षरांतलं अंतर १० मिलिमीटर. पाटी लांबट असेल तर ५०० बाय १२०, चौकोनी असेल तर ३४० बाय २००. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजी वळणाचेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत हे लिहिलेलं आहे.

आता गंमत बघा. देवनागरी चालणार नाही असं नियमाने सांगितल्यावर महाराष्ट्रातल्या पोरांनी इंग्रजी आकड्यांतूनच देवनागरी पिळून काढली. इंग्रजी वळणाचा चार जरा वाकवला की 'द' होतो आणि एक म्हणजे काना. म्हणून ४१४१ झाला 'दादा'. दोन म्हणजे 'र', पाच नि एक मिळून 'ज', म्हणून २१५१ हा 'राज'. २१४ म्हणजे 'राम', तिथे चाराचाच 'म' होतो. ८०५५ तेवढा इंग्रजीतच वाचायचा, 'बॉस'. हे काम रेडियमवाल्याचं. तालुक्याच्या गावी स्टँडसमोर त्याची टपरी असते, कटर नि रेडियमच्या गुंडाळ्या घेऊन बसलेला असतो, आणि चाराचं डोकं किती फोडायचं, एकाला वरची रेघ किती ओढायची याचं त्याचं शास्त्र ठरलेलं असतं. सुलेखन म्हणून मला हे काम नेहमीच आवडत आलं आहे. अडचण एवढीच की नंबरप्लेट ही वाचण्याची वस्तू आहे, आणि अपघात करून पळणाऱ्याची पाटी बघणाऱ्याला ती वाचायला दोन सेकंद मिळतात.

कॅमेरे आल्यावर अडचण वाढली. तीनेक वर्षांपूर्वी माझ्या नंबरवर एक ई-चलन आलं, मी आयुष्यात कधी न गेलेल्या गावचं. फोटो उघडला तर त्यात एक मालवाहू टेम्पो. त्याच्या पाटीवरचा तीन इतका गोल गरगरीत काढला होता की यंत्राने त्याला आठ वाचलं. तक्रार केली, चलन रद्द झालं, पण त्यात सात आठवडे गेले. टेम्पोवाल्याचं काही बिघडलं नाही.

जर्मनांनी हा प्रश्न अक्षराच्या घडणीतच सोडवायचा प्रयत्न केला. कार्लगेओर्ग होफर या अक्षरकाराच्या मूळ आराखड्यावरून त्यांनी पाट्यांसाठी मुद्दाम एक वळण केलं. ते दिसायला बेंगरूळ आहे, कारण त्यातलं कुठलंच अक्षर दुसऱ्याच्या जवळ जात नाही. काळ्या रंगाचा एक फटकारा मारून 'पी'चा 'आर' किंवा 'एफ'चा 'ई' करता येऊ नये यासाठीच ते घडवलं आहे. यंत्रालाही ते चटकन वाचता येतं.

आपण अक्षरापेक्षा पत्र्यावर भर दिला. उच्च सुरक्षा नोंदणी पाटीची, म्हणजे सगळे जिला एचएसआरपी म्हणतात तिची, तरतूद २००१ मध्येच झाली. मग कंत्राटं, खटले आणि राज्याराज्यांची चालढकल यांत वर्षं गेली. १ एप्रिल २०१९ पासून नवी गाडी विक्रेत्याकडूनच ही पाटी लावून येऊ लागली. महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांची पाळी २०२४ च्या अखेरीस आली. दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. गाड्या दोन कोटींच्या घरात आणि बसवणारी केंद्रं अपुरी. दर शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त असल्याची ओरड झाली, सरकारने ती फेटाळली. पहिली मुदत मार्च २०२५ ची होती. ती वाढत वाढत वर्षअखेरीपर्यंत गेली. मुदत वाढणार याची खात्री असल्यामुळे कुणी घाई केली नाही, आणि कुणी घाई न केल्यामुळे मुदत वाढली.

पाटी जवळून बघण्यासारखी आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, २० मिलिमीटरचा. त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं. अगदी खाली लेझरने कोरलेला क्रमांक; तो पाटीचा स्वतःचा, गाडीच्या नंबरापेक्षा वेगळा, आणि पुढच्या-मागच्या पाटीचाही निराळा. आकड्यांच्या काळ्या पट्टीवर ४५ अंशांत 'इंडिया' हा शब्द पुन्हा पुन्हा उमटवलेला, जो उन्हात तिरकं पाहिल्यावरच दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे ते रिपीट. ते एकदाच बसतात. काढायचे तर तोडावे लागतात आणि तोडले की परत बसत नाहीत. चोराला पाटी बदलणं अवघड जावं हा हेतू. आकड्यांना एकच ठसा आल्यामुळे 'दादा' आता दादासारखा दिसत नाही, नुसता चार-एक-चार-एक दिसतो. तरी मागणी कमी झालेली नाही. वाचणारे मनातल्या मनात वाचतात.

पाटीवरून गाडीची बांधणी कळते का? कारच्या बाबतीत नाही. पण आपल्याकडे एक वाहन असं आहे की ज्याच्या बाबतीत अगदी सरळ कळते. ते म्हणजे एसटी.

एसटी महामंडळ चॅसी टाटा आणि अशोक लेलँडकडून घेत आलं, पण वरची बॉडी वर्षानुवर्षं स्वतःच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत बांधत आलं: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. गाडी जिथे बांधली तिथल्याच आरटीओत तिचं पासिंग. त्यामुळे सावंतवाडी आगाराची बस असो की चोपड्याची, पाटीवर एमएच-१४ असेल तर ती दापोडीची, एमएच-२० असेल तर चिकलठाण्याची, एमएच-४० असेल तर हिंगण्याची. कोकणातल्या बसच्या पाटीवर कोकण नसतं ते यामुळे. एसटीची वेडी मंडळी मालिकेची अक्षरं पाहून बांधणीचा काळही सांगतात. एमएच-२०-बीएल म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे खिडकीची चौकट, मागच्या शिडीचं वळण आणि लाल रंगाची छटा उभी राहते. कुणाची बांधणी सरस यावर चहाच्या पैजा लागतात. पुढे महामंडळाने ॲल्युमिनियमची बॉडी सोडून स्टीलची बांधायला घेतली, कारण उलटलेल्या बसचं छत किती दबतं हा प्रश्न ऐरणीवर आला. बाकी कुणा गाडीवाल्याने आपल्या गाडीबद्दल इतक्या बारकाईने विचार केल्याचं मी पाहिलेलं नाही.

कारवाला काय करतो? शोरूममध्ये शिरतो, बोनेटवर अंगठा दाबतो, पत्रा आत जातो का बघतो. मग दार उघडून लावतो. 'ठप्प' असा भरीव आवाज आला तर गाडी मजबूत, 'टण्ण' आला तर डबा. या परीक्षेत दोन्हीकडून चूक आहे. दाराचा आवाज कुलपाच्या घडणीवर, कडेच्या रबरावर आणि आत चिकटवलेल्या आवाज मारणाऱ्या पट्ट्यांवर ठरतो. कंपन्यांचे अभियंते तो जुळवत बसतात, कारण गिऱ्हाईक दार आपटणार हे त्यांना ठाऊक असतं. आणि अंगठ्याखाली येतो तो नुसता कातडीसारखा बाहेरचा पत्रा. धडक झाली तर माणूस वाचतो तो आतल्या सांगाड्यामुळे: पिलर, दाराखालचे बीम, पुढचे दोन लांब दांडे.

"जुन्या गाड्यांचा पत्रा काय होता महाराजा!" हे वाक्य प्रत्येक कुटुंबात कुणा ना कुणा काकांच्या तोंडी असतंच. पद्मिनीला मीही हळहळलो. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिचा पत्रा जाड होता हे खरं. पण जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी हे समीकरण अमेरिकेत २००९ मध्ये सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडलं. विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू एकमेकींवर ताशी ६४ किलोमीटरने आपटवल्या. अवजड, क्रोमने मढलेली बेल एअर चालकाच्या छातीपर्यंत दुमडली. मालिबूचं नाक चेपलं आणि माणसाची जागा शाबूत राहिली. नाक चेपलं तेच योग्य झालं. पुढचा भाग मुद्दाम चुरडू द्यायचा, धडकेचा जोर त्यात जिरवायचा आणि मधली पेटी ताठ ठेवायची, ही बेला बरेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याची कल्पना, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची. मधल्या पेटीसाठी आता तापवून साच्यात दाबलेलं बोरॉनचं पोलाद वापरतात. ते साध्या पत्र्याच्या कितीतरी पट ताण सोसतं आणि जाडीला कमी असतं.

ही चर्चा भारतात खऱ्या अर्थाने पेटली जानेवारी २०१४ मध्ये. ग्लोबल एनकॅप या संस्थेने पाच खपाच्या छोट्या गाड्यांची सर्वांत स्वस्त मॉडेलं ताशी ६४ किलोमीटरने आपटून पाहिली. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो. पाचांनाही शून्य तारे. बातमी तेवढीच लक्षात राहिली, पण अहवालात एक बारकावा होता आणि तो मला शून्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. फिगो आणि पोलोचा सांगाडा स्थिर राहिला होता. त्यांना शून्य मिळालं ते एअरबॅग नव्हत्या म्हणून. बाकी तिघींचा सांगाडाच टिकला नव्हता, तिथे एअरबॅग घालूनही फारसं साधलं नसतं. पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा आपटली तेव्हा चार तारे मिळाले. म्हणजे 'शून्य तारे' या एकाच शिक्क्याखाली दोन निरनिराळे दोष होते. एक हजारो रुपयांत सुटणारा, दुसरा गाडी मुळातून आखल्याशिवाय न सुटणारा.

त्यानंतर बरंच बदललं. समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना सक्तीची झाली, दोन वर्षांनी सगळ्यांना. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आली, शेजारच्याची २०२१ मध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले, भारतीय गाडीला पहिल्यांदाच, आणि जाहिरातीत मायलेजच्या शेजारी तारे झळकू लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मारुतीच्या नव्या डिझायरलाही पाच मिळाले. मधल्या काळात आपली स्वतःची परीक्षाही आली: ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप. त्यातले पहिले पाच तारे हॅरिअर आणि सफारीचे.

ताऱ्यांबद्दल दोन गोष्टी मात्र विक्रेता सांगत नाही. भारत एनकॅपची परीक्षा ऐच्छिक आहे. कंपनीने गाडी पुढे केली तर तारे, नाही केली तर काहीच नाही. आणि ताऱ्यावर साल लिहिलेलं असतं ते वाचावं लागतं. ग्लोबल एनकॅपचे २०२२ च्या मध्याआधीचे तारे मुख्यतः समोरच्या धडकेवर बेतलेले होते; नंतर बाजूची धडक, खांबावरची धडक, पादचाऱ्याची सुरक्षा असं सगळं त्यात आलं. २०१८ चे पाच आणि २०२४ चे पाच ही एकाच इयत्तेची परीक्षा नव्हे.

आणि सांगाडा कितीही भक्कम असला तरी आतला माणूस त्याला बांधलेला असावा लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मर्सिडीजमध्ये होते. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, ते दोघेही गेले. नंतर मुंबईत मागच्या सीटच्या पट्ट्याचीही सक्ती झाली. ती पाळली जाते का, हे कुठल्याही टॅक्सीत मागे बसून कुशनखाली बक्कल शोधल्यावर कळतं.

मग सामान्य माणसाने बांधणी ओळखायची कशी? नव्या गाडीबाबत चाचणीचा पूर्ण अहवाल वाचायचा, ग्लोबल एनकॅपच्या अहवालात सांगाडा स्थिर की अस्थिर हे एका शब्दात दिलेलं असतं. जुन्या गाडीबाबत एखादा पत्रा-कामवाला सोबत न्यायचा. मी गेल्या दिवाळीनंतर पुतण्यासाठी एक २०२१ ची गाडी बघायला गेलो, तेव्हा आमच्या गॅरेजच्या अण्णांना घेऊन गेलो. गाडी धुऊन-पुसून आरशासारखी ठेवलेली. मालक नंबराचं कौतुक सांगत होता, बेरीज नऊ येते म्हणून. अण्णांनी इंजिन सुरू करायलाही सांगितलं नाही. ते आधी पुढे वाकले, मग मागे गेले, मग परत पुढे आले.

"मागची पाटी रिपीटवर आहे," ते म्हणाले, "आणि पुढची स्क्रूवर."

मग त्यांनी बोनेट उघडलं. बिजागरीच्या नटांवरचा रंग कडेला तडकलेला होता, पाना लागल्याची खूण. बोनेटच्या आतल्या कडेने कारखान्यात यंत्राने सीलंटची एकसारखी रेघ ओढलेली असते. इथे ती बोटाने फासल्यासारखी वरखाली झाली होती. उजव्या मडगार्डवर त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केली, मग डाव्या. उजवीकडचा आवाज बद्द येत होता. आत पुट्टी भरलेली. शेवटी ते गुडघ्यावर बसले आणि बंपरखालून टॉर्च मारून पुढच्या दांड्याकडे पाहत राहिले. तो सरळ केलेला होता, पण ओढून सरळ केलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा चुरडत नाही, असं उठता उठता ते पुतण्याला म्हणाले.

मालकाला त्यांनी काही विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दुसऱ्या कुणी टोकन द्यायच्या आत सांगा हां. असा नंबर परत मिळायचा नाही."